चित्त्याच्या 'अनाथ' पिल्लाची गोष्ट

गेल्या वर्षी आम्ही चौघे दक्षिण आफ्रिकेला गेलो होतो. टूरमध्ये जोहान्सबर्गपासून दोन तासांवरचं एक खाजगी गेम पार्क, म्हणजे वन्यप्राणी दाखवणारं उद्यान होतं. तिथे चित्त्याचं पिल्लू हातात देतात. जेमतेम दोन महिन्यांचं, पाठीवर करड्या लांब केसांची झूल, डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळे ओघळ. मुलीनं गोंजारलं तर मांजरासारखं घुरघुरायला लागलं. "याची आई शेतकऱ्याच्या गोळीनं गेली. मोठं झालं की रानात सोडणार," असं आम्हाला सांगितलं. तिकीट वेगळं, पिल्लासाठी माणशी 400 रँड वेगळे. त्यावर मी मनापासून 2,000 रँड देणगी दिली.

जेवताना शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाशी बोलणं निघालं. पिल्लू तेच, नावही तेच. पण त्यांना सांगितलं होतं की आईला सिंहानं मारलं. मला घास गिळेना. उठून मॅनेजरला विचारलं, आजवर किती चित्ते सोडले, कुठे सोडले? उत्तर मिळालं नाही. गाडीपर्यंत सोडायला आलेला कामगार हळूच म्हणाला, आई मागच्या पिंजऱ्यात आहे. डोळे उघडले की पिल्लं काढून घेतात आणि बाटलीवर वाढवतात, म्हणजे ती माणसांच्या हाताला बुजत नाहीत. हॉटेलवर पावती पाहिली. देणगीची रक्कमही 'ॲक्टिव्हिटी' म्हणूनच लावली होती.

मी कोल्हापूरचा. मला हे तिथेच कळायला हवं होतं. आमच्याकडे संस्थानकाळी चित्तेवान, म्हणजे चित्त्यांना शिकारीसाठी तयार करणारे लोक होते, काळविटांच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणले जात. शिकारीला चित्ता धरायचा तो रानातून, वाढलेला. कारण पिल्लू दीडएक वर्ष आईच्या मागे फिरतं आणि शिकार तिच्याकडूनच शिकतं. माणसाच्या मांडीवर वाढलेलं पिल्लू रानात काय खाणार? मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात 2022 मध्ये नामिबियातून 8 आणि 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून 12 चित्ते आले, तेही शिकारीची क्षमता पाहूनच निवडलेले. जगात रानटी चित्ते उरलेत सुमारे 7,000. आमच्या पैशांनी त्यातला एकही वाढला नाही, पिंजऱ्यातली पुढची वीण मात्र पोसली गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या पर्यटन व्यावसायिकांच्या संघटनेनं 2019 मध्येच पर्यटकांना असे प्राणी हाताळायला देण्याविरुद्ध मार्गदर्शिका काढली आहे. आमच्या पुण्यातल्या एजंटला ती माहीत नव्हती, दाखवल्यावर म्हणाला, "लोकच मागतात हो." त्याच्या यंदाच्या पत्रकातही 'चित्त्याच्या पिल्लासोबत अर्धा तास' आहेच. तुमच्या पत्रकात असं काही दिसलं, तर आगाऊ रक्कम भरण्याआधीच काढायला लावा आणि त्या वेळात क्रूगर राष्ट्रीय उद्यानात एक फेरी वाढवून मागा. नंतर काही होत नाही. मी तीन वेळा ईमेल केला, बँकेतही तक्रार दिली. 'सेवा घेतलेली आहे' म्हणून ती बंद झाली.