खुबा आखडलेला असेल तर: कुशीवर की ओणवं?

खुबा उघडत नसेल तर बाळंतपणात पाठीवर झोपून पाय टेबलाच्या रिकिबीत अडकवायची नेहमीची पद्धत बाद होते, निदान नाइलाजापुरतीच उरते. मग खरा प्रश्न पडतो तो कुशीवर झोपायचं की हात-गुडघे टेकून ओणवं व्हायचं. मी दोन्ही करून पाहिलं. लहानपणीच्या शस्त्रक्रियेमुळे माझा उजवा खुबा बाहेरच्या बाजूला फारसा उघडत नाही. तुमचं दुखणं वेगळं असेल तर हिशेबही वेगळा निघेल.

घरच्या सरावात ओणवंच सरस वाटतं. मांड्या फाकवाव्या लागत नाहीत, खुबा साधारण काटकोनात राहतो आणि माकडहाडाला मागे सरकायला जागा मिळते. मांड्या जितक्या फाकलेल्या तितकी बाळाची वाट मोकळी, असं आपण धरून चालतो. पण गुडघे जवळ आणि पावलं लांब ठेवली की कटीची खालची वाट उलट रुंदावते. (कृत्रिम खुबा बसवलेल्यांनी मांडी अशी आत वळवण्याआधी सर्जनला विचारावं.) कळा पाठीत येत असतील तर ओणवं होऊन फार बरं वाटतं. मनगटं भरून यायची, तर फिजिओने कोपरं उशांवर टेकवायला सांगितलं आणि तेही मिटलं. सातव्या महिन्यापासून मी हाच सराव करत होते.

लेबर रूममध्ये फसले. ओणवं राहण्यात काही त्रास नव्हता, जीव जायचा तो उलटताना. आतली तपासणी आली की, “ताई, जरा पाठीवर व्हा.” बाळाचे ठोके मोजणारा पट्टा पोटावरून घसरला की पुन्हा तेच. धडधाकट बाईला हे दोन सेकंदांचं काम. मला आधी एका बाजूला कलायचं, मग उजवी मांडी हाताने उचलून आणायची, मग पाठ टेकायची. आणि परत उठताना हाच खेळ उलटा. मधेच कळ आली तर अर्ध्या वाटेत अडकून राहायचं. तपासणी ओणव्यानेही करता येते म्हणे, पण ज्यांचा हात पाठीवरच्या तपासणीला बसलाय त्यांना कोण सांगणार! पाचव्या वेळेला परत वर चढलेच नाही, कुशीवर वळले आणि तिथेच राहिले.

कुशीवर तपासणी जागच्या जागी झाली. पट्टाही फारसा हलला नाही. दोन कळांच्या मधे चक्क डुलकी लागली. अडचण एकच, वरचा पाय. कळा सोसताना मधे जाड उशी पुरते, पण जोर लावायच्या वेळी तो पाय कुणीतरी धरावा लागतो, आणि धरणारा उत्साहाच्या भरात तो हवा त्याहून वर नेतो. म्हणून मी आखडलेली बाजू खाली घेतली, धरला गेला तो चांगला पाय. कूस डावीच हवी असा माझा समज होता. माझ्या डॉक्टरांना उजवीही चालली. खालचा खुबा दाबाने दुखला, हे मात्र खरं.

एपिड्यूरल (कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन) घेणार असाल तर तराजू आणखी कुशीकडे झुकतो, कारण पाय जड झाल्यावर ओणवं पेलत नाही. शिवाय दुखणं बंद म्हणजे धोक्याची घंटाही बंद. पाय जास्त ताणला तरी कळत नाही.

तरी ओणव्याचा सराव सोडू नका. बाळाचा खांदा अडकला तर आधी आईचे गुडघे पोटाकडे घेतात. आपले तेवढे वाकतात का, हे डॉक्टरांसोबत आधीच बघून ठेवावं. नाही वाकले तर ओणवं होणं हाही त्यावरचा एक उपाय असतो. बाळ बाहेर काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायची वेळ आली तर मात्र बहुधा पाय वर घ्यावेच लागतात, म्हणून ते कुठपर्यंत जातात हे फाइलवर लिहून घ्या.

मी बाळंतपणाच्या आठवडाभर आधीच पाठीवर झोपून, न दुखता दोन गुडघ्यांत किती अंतर पडतं ते मोजलं होतं. ३० सेंटिमीटर भरलं. तेवढीच दोरी कापून नवऱ्याच्या खिशात ठेवली. ड्यूटी बदलली की नव्या सिस्टरसमोर तो ती ताणून धरायचा, “एवढंच हं.”