बीएमडब्ल्यू टू सिरीज ग्रॅन कूपे: तरुणांसाठी म्हणे, पण स्क्रीन मोठी झाली आणि इंजिन लहान

आधी सरळ सांगून टाकतो, नवी टू सिरीज ग्रॅन कूपे, म्हणजे २१८ एम स्पोर्ट, देखणी आहे, शहरात चालवायला सोपी आहे, आतलं फिनिशिंग एक नंबर आहे, पण ज्या तिशीच्या आतल्या पोरांना डोळ्यासमोर ठेवून ती विकतायत त्यातल्या माझ्या ओळखीच्या कुणालाही मी ती नवी कोरी घे असं सांगणार नाही. का ते नीट लिहितो, कारण ऑन रोड ५० लाखांच्या वर जाणारा मामला आहे आणि सध्या बऱ्याच जणांच्या डोक्यात हाच प्रश्न आहे.

माझा आतेभाऊ हिंजवडीत नोकरीला आहे, पगार चांगला आहे, लग्न अजून नाही, गाडी स्वतः चालवणार, ड्रायव्हर ठेवायचा प्रश्नच नाही. एसयूव्ही नको म्हणतो, "दादा, सगळ्यांकडे तीच आहे, मला खाली बसायचंय, गाडी रस्त्याला चिकटून चालली पाहिजे." लक्झरी कंपन्यांना नेमका असाच गिऱ्हाईक हवा असतो. त्याच्यासोबत ही गाडी बघितली, बाणेरहून चांदणी चौक, पुढे पिरंगुटच्या बाजूला अशी चालवून पण बघितली.

दिसण्याबद्दल वाद नाही. समोरून खाली झुकलेलं नाक, किडनी ग्रिलमध्ये, म्हणजे समोरच्या दोन जाळ्यांमध्ये, उभ्या पट्ट्यांसोबत तिरक्या पट्ट्या, दरवाजाच्या काचांना फ्रेम नाही, मागच्या खांबावर कोरलेला २ चा आकडा. काच खाली असताना दरवाजा उघडला की जो फील येतो तो या किमतीत क्वचितच मिळतो. आत १०.२५ इंचाचा मीटर आणि १०.७ इंचाची टचस्क्रीन एकाच वळलेल्या काचेखाली, ऑपरेटिंग सिस्टीम ९, मोबाइल वापरणाऱ्या माणसाला शिकवावी लागत नाही, आणि डॅशबोर्डच्या पट्ट्यांमधून येणारा लाइट रात्री फार सुंदर दिसतो, तो नुसता चिकटवल्यासारखा वाटत नाही.

पण बीएमडब्ल्यूचा तो स्क्रीन चालवायचा गोल आयड्राइव्हचा नॉब गेला. २००१ सालच्या सेव्हन सिरीजपासून चालत आलेली गोष्ट, रस्त्यावरची नजर न हटवता हाताने फिरवता यायची, आता एसीचं तापमान बदलायचं तरी स्क्रीनवर बोट. तरुणांना स्क्रीन आवडते हे मान्य, पण जो माणूस गाडी चालवण्यासाठीच घेतोय त्याच्यासाठी हा नॉब पोरखेळ नव्हता, कामाची गोष्ट होती. माझ्या मते हे सरळ सरळ मागे जाणं आहे.

आता इंजिन. इथेच माझं खरं म्हणणं आहे. २१८ मध्ये १.५ लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल आहे, १५६ हॉर्सपॉवर, २३० न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे ओढायचा जोर, ७ स्पीड ड्युअल क्लच गिअरबॉक्स, शून्य ते शंभर ८.६ सेकंद. वाईट नाही, औंधच्या ट्रॅफिकमध्ये एकदम चपळ वाटते, खालच्या आरपीएमला पिकअप आहे, गिअर पटापट बदलतात. पण याच गाडीच्या आधीच्या पिढीत २०२१ मध्ये आलेल्या २२०आय मध्ये २ लिटरचं चार सिलिंडर इंजिन होतं, १९० हॉर्सपॉवर, २८० न्यूटन मीटर, शंभरला ७.१ सेकंद. २०२० मध्ये ही गाडी भारतात पहिल्यांदा आली ती ३९ लाख ३० हजारांपासून, आणि ती डिझेल होती, १९० हॉर्सपॉवर आणि ४०० न्यूटन मीटरची. जुलै २०२५ मध्ये नवी आली तिची सुरुवात ४६ लाख ९० हजारांवर. म्हणजे साडेसात लाख वर गेले आणि ताकद ३४ हॉर्सपॉवरने खाली आली. आणि गाडी कुणासाठी, तर तरुणांसाठी!

कुणी म्हणेल टॅक्समुळे छोटं इंजिन. त्यातही थोडं तथ्य होतं, १५०० सीसीच्या आतलं इंजिन असलेल्या मोठ्या गाडीला सेस धरून ४५ टक्के लागायचे आणि त्यावरच्या इंजिनच्या सेदानला ४८. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून दोघांना सरसकट ४० टक्के जीएसटी आहे, किमती थोड्या उतरल्या हे चांगलं झालं, पण छोट्या इंजिनचा फायदा संपला. मग मोठं इंजिन परत आणायला काय हरकत आहे असं मला मनापासून वाटतं.

हा प्रकार एकट्या बीएमडब्ल्यूचा नाही, म्हणून जरा मागे जाऊन बघू. मर्सिडीजने २०१३ मध्ये सीएलए काढली तेव्हा अमेरिकेत तिची किंमत २९,९०० डॉलर ठेवली आणि थेट सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनल मॅचमध्ये जाहिरात केली, कारण सी क्लास, ई क्लास म्हणजे आईवडिलांची गाडी हा शिक्का पुसायचा होता. आपल्याकडे ऑडीने २०१४ मध्ये ए३ सेदान आणली, औरंगाबादला जोडलेली, सुरुवात २२ लाख ९५ हजार. ती किंमत आठवते का? त्या काळात तीस-बत्तीस वर्षांचा डॉक्टर, सीए, छोटा बिल्डर खरंच शोरूममध्ये जाऊन गाडी बुक करत होता. बारा वर्षं व्हायच्या आतच सगळ्यात खालची पायरी दुप्पट उंच झाली. मर्सिडीजने तर २०२२ मध्ये सांगूनच टाकलं की छोट्या गाड्यांचे प्रकार सातवरून चारवर आणणार आणि वरच्या गाड्यांवर जोर देणार. म्हणजे एकीकडे जाहिरातीत तरुण आणि दुसरीकडे तरुणांना परवडणारी गाडीच कमी.

भारतात सेदानचं अजून एक आहे. इथे लक्झरी सेदान म्हणजे मागच्या सीटवर बसणाऱ्या साहेबाची गाडी. २०१० मध्ये औरंगाबादच्या लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, देशभर बातमी झाली होती, त्या घेण्यामागे रुबाब आणि गावाची पत होती, स्वतः चालवायची मजा नंतरची. मर्सिडीज ई क्लास २०१७ पासून चाकणला लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर वाढवलेली बनते, बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज २०२१ मध्ये ११० मिलिमीटर लांब करून ग्रॅन लिमोझिन म्हणून आली, सगळं मागच्या पायांसाठी. त्यामुळे टू सिरीजसारखी गाडी, जिच्यात मालक पुढे बसणार हे ठरवूनच मागचं छप्पर खाली उतरवलंय, ती कल्पना म्हणून मला फार आवडते. मागे उंच माणसाचं डोकं छपराच्या जवळ येतं, साठीच्या पुढच्या आईवडिलांना उतरताना हाताचा आधार लागेल, डिकी ४३० लिटरची आहे म्हणजे दोघांचं गोव्याचं सामान आरामात. हे सगळं चालतं, कारण तडजोड चालवणाऱ्यासाठी केलेली आहे. पण मग पुढे बसलेल्याला त्या तडजोडीची परतफेड मिळायला पाहिजे, आणि ती इंजिनमधूनच मिळते, अँबियंट लाइटमधून नाही.

चालवताना स्टिअरिंग भारी आहे, हे मुद्दाम सांगतो. पुढच्या चाकांना ताकद जाणारी गाडी आहे, बीएमडब्ल्यूची मागची चाकं ढकलायची परंपरा यात नाही, याचा सांगाडा त्यांच्याच छोट्या एसयूव्हीच्या, एक्स१ च्या घराण्यातला आहे. तरी पिरंगुटच्या वळणांवर नाक नेमकं तिथेच जातं जिथे तुम्ही बघताय. बसायची जागा खाली आहे, त्यामुळे वेग जास्त वाटतो. सस्पेन्शन कडक बाजूला झुकतं, सोसायट्यांचे ते उभे उभे स्पीडब्रेकर तिरके घ्यावेत. हायवेवर ओव्हरटेक करायला पाय दाबला की इंजिन काम करतं, पण आवाज करून करतं, आणि जिथे मान मागे जायला हवी तिथे फक्त आकडा वाढतो. २२०आय चालवलेल्या माणसाला फरक लगेच कळतो.

आणि तरुणांना इंजिन नको, फक्त शोबाजी हवी असं कुणी म्हणत असेल तर त्याने २०२५ सालच बघावं. स्कोडाने ऑक्टोबरमध्ये ऑक्टाव्हिया आरएस आणली, फक्त १०० गाड्या, ४९ लाख ९९ हजार, २६५ हॉर्सपॉवर, शंभरला ६.४ सेकंद. बुकिंग उघडल्यावर काही मिनिटांत संपल्या. त्याआधी फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय, ५३ लाख, पहिल्या १५० गाड्या त्याही गेल्या. ना लक्झरीचा बिल्ला, ना गल्लीत रुबाब, ना स्वस्त. १०० गाड्यांवरून सगळा बाजार ठरत नाही हे मला कळतं. पण लोक ५० लाख स्कोडाच्या सेदानला देतायत याचा अर्थ त्यांना काय हवंय ते इतकं स्पष्ट आहे की ते न दिसण्याचं काही कारण नाही. बीएमडब्ल्यूला हे जमत नाही असंही नाही, २०२१ मध्ये त्यांनीच चेन्नईला जोडून थ्री सिरीजची वेगवान एम३४०आय आणली, ३८७ हॉर्सपॉवर, ६२ लाख ९० हजार, आणि त्या गाडीवर जीव टाकणारी पोरं आजही आहेत. मधली जागा, म्हणजे ४५ ते ५० लाखात दोनशे-सव्वादोनशे हॉर्सपॉवरची सेदान, तीच बीएमडब्ल्यूकडे रिकामी आहे.

महाराष्ट्रात पैशांचं गणित आणखी वेगळं पडतं. २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला स्वतःच्या नावावर १३ टक्के रोड टॅक्स, म्हणजे या गाडीचे सहा लाखांच्या आसपास नुसते आरटीओचे. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. त्यात इन्शुरन्स, एक्स्टेंडेड वॉरंटी. आता याच बीएमडब्ल्यूची इलेक्ट्रिक आयएक्स१ लाँग व्हीलबेस जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाखांना आली, २०४ हॉर्सपॉवर, ६६.४ किलोवॅट तासांची बॅटरी, आणि इलेक्ट्रिकला आपल्याकडे रोड टॅक्स माफ. म्हणजे शोरूमच्या किमतीत स्वस्त दिसणारी सेदान ऑन रोड जाऊन महाग पडते, आणि तिची ताकदही कमी. माझ्या ओळखीतली पोरं सेदान बघायला जाऊन आयएक्स१ बुक करून येतायत ती यामुळेच.

हप्त्याबद्दल पण सावध राहा. कमी ईएमआय दाखवतात त्यात शेवटी एक मोठी रक्कम ठेवलेली असते, तीन-चार वर्षांनी ती भरायची, किंवा गाडी परत द्यायची, किंवा परत लोन काढायचं. योजना वाईट नाही, दर तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला बरी पडते, पण किलोमीटरची मर्यादा, अंगावरच्या ओरखड्यांचे नियम, व्याज कशावर धरलंय हे सगळं कागदावर मागा. आम्ही गेलो त्या शोरूममध्ये मुलगी फार नीट समजावून सांगत होती, आम्ही विचारल्यावर शेवटची रक्कम पण तिने लिहून दिली. विचारलं नाही तर आपणहून कुणी पुढे करेलच असं धरून चालू नका.

मग घ्यावी कुणी? ज्याला रोज बाणेर ते विमाननगर जायचंय, बिल्ला बीएमडब्ल्यूचाच हवा, गाडी छोटी आणि सुंदर हवी, महिन्यातून एकदा लोणावळा, आणि वेगाचं वेड नाही, त्याने डोळे झाकून घ्यावी, खुश राहील. दर दोन महिन्यांनी कोकणात उतरणारा, आंबेनळी घाटाच्या वळणांसाठी जिवंत असणारा माणूस असेल तर त्याने २०२१-२२ ची चांगली ठेवलेली २२०आय शोधावी, सर्व्हिस रेकॉर्ड कंपनीचं, मायलेज कागदावर पडताळून, आणि गिअरबॉक्स गरम झाल्यावर चढावर एकदा थांबवून सोडून बघावी.

आतेभावाने २१८ ची बुकिंग केलेली नाही. दोन जुन्या २२०आय बघून ठेवल्यात, एक नाशिकला आहे, एक कोल्हापूरला, कोल्हापूरची कमी चाललेली आहे आणि मालकाने टायर नुकतेच बदललेत, येत्या रविवारी सकाळी तिकडे निघतोय.