कॉम्प्युटरला कुठला इक्वलायझर टाकावा? आमच्या घरचा अनुभव

आधी आमचा सेटअप सांगतो म्हणजे तुमच्याशी जुळतंय का बघा. अमळनेरला घरी जुना डेस्कटॉप, विंडोज १० आणि जळगावहून आणलेले दोन छोटे स्पीकर प्लस एक वूफर. दुकानात त्याने हळदीतलं डीजेचं गाणं लावून दाखवलं, काउंटर हादरलं आणि मी भाळलो. घरी बातम्या लावल्या तर बोलणारा माणूस रांजणात तोंड घालून बोलतोय असा आवाज. आप्पा आठवडाभर एकच म्हणत होते, "हाऊ डबा परत दी ये." परत कोण घेतंय, बिलावरच लिहिलेलं असतं घेणार नाही म्हणून.

मग इक्वलायझरच्या मागे लागलो, म्हणजे आवाजातला जाड, मधला, बारीक भाग वेगवेगळा कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर.

पहिली चूक म्हणजे एका फुकट्या साइटवरून कुठलंतरी पेड सॉफ्टवेअर क्रॅक करून टाकायला गेलो, इक्वलायझर राहिला बाजूला आणि ब्राउझरमध्ये जुगाराच्या जाहिराती सुरू झाल्या, आप्पांसमोर. विंडोज परत टाकावं लागलं. गरजच नाही हो त्याची, चांगले इक्वलायझर ऑफिशियली फुकट आहेत.

फक्त पिक्चर बघायला पाहिजे असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्येच १० पट्ट्यांचा इक्वलायझर आहे, कंट्रोल आणि ई दाबा, उघडतो. पण तो व्हीएलसीपुरताच, यूट्यूबला त्याचा काही उपयोग नाही.

नंतर एफएक्ससाउंड टाकला. जुन्या लोकांना डीएफएक्स आठवत असेल, तोच हा, पूर्वी पैसे लागायचे आता फुकट आहे. टाकला की लगेच फरक कळतो, क्लॅरिटी, बेस बूस्ट असे मोजके स्लायडर आहेत, डोकं लावायचं काम नाही. माझ्या चुलतभावाला गेम आणि गाण्यांसाठी तोच टाकून दिला आणि तो खूश आहे. मला अडचण ही आली की क्लॅरिटी वाढवली की स, श टोचायला लागायचे आणि नेमकं कुठे काय वाढलंय ते त्या स्लायडरवरून कळेना. आणि आमचा मूळ प्रॉब्लेम जास्त बेसचा, त्याला बेस बूस्ट देऊन काय करू?

शेवटी जो राहिला तो इक्वलायझर एपीओ. हा पण फुकट, ओपन सोर्स. विंडोजच्या ऑडिओ सिस्टिमच्या आतच बसतो त्यामुळे यूट्यूब, व्हीएलसी, गेम सगळ्याला लागू होतो. टाकताना विचारतो कुठल्या डिव्हाइसवर बसवू, तिथे आपल्या स्पीकरवर टिक करायची आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा, रीस्टार्ट नाही केला तर काहीच होत नाही आणि मग लोक म्हणतात चालत नाही. याचा स्वतःचा चेहरा रुक्ष आहे, सगळी सेटिंग एका टेक्स्ट फाइलमध्ये, म्हणून त्याच्यावर पीस नावाचं वेगळं सॉफ्टवेअर टाकायचं, ते पण फुकट, त्यात सरकवायला पट्ट्या आणि प्रीसेट, म्हणजे सेव्ह करून ठेवलेल्या सेटिंग, मिळतात.

पहिल्या दिवशी मी काय केलं, सगळ्या पट्ट्या वर. आवाज वाढला आणि फाटला. नंतर डोक्यात प्रकाश पडला की आपल्याला वाढवायचं नाहीये, कापायचंय! हर्ट्झ म्हणजे आवाज किती जाड-बारीक (आकडा लहान तेवढा जाड), डीबी म्हणजे त्याचा जोर; २५० हर्ट्झच्या आसपास ५ डीबी कमी केलं आणि रांजण गायब, खरंच एका झटक्यात. मग ३००० जवळ ३ डीबी वाढवलं, तिथे शब्द उघडे होतात, आणि वाढवलं तेवढं प्रीॲम्प, म्हणजे एकूण आवाजाची पट्टी, ३ ने खाली घेतलं. हे प्रीॲम्पचं विसरू नका. डिजिटल आवाजाला वर जागा नसते, तुम्ही वाढवलं तेवढं खाली नाही घेतलं तर वरचं कापलं जातं आणि आवाज चरचरतो.

पण माझं खरं काम वेगळंच होतं. आजीची एक कॅसेट आहे, श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाच्या रात्री रोटांचा नैवेद्य झाल्यावर बायकांनी म्हटलेली गाणी, त्यातल्या निम्म्या बाया आता नाहीत. टेपमधून वायर लावून कॉम्प्युटरवर घेतली तर मागे सारखं हूंऽऽ. आपली लाइट ५० हर्ट्झची, तिची घरघर ५० आणि तिच्या पटीत १००, १५० वर बसते. पीसमध्ये ५० आणि १०० वर एकदम अरुंद फिल्टर टाकून खोल कापलं, ८००० च्या वरचं थोडं उतरवलं म्हणजे टेपची सरसर कमी. आजीला बसवलं समोर. तिने दोन ओळी ऐकल्या, मग पुढे वाकून स्पीकरलाच कान लावला आणि एक एक आवाज ओळखायला लागली, ही अमकी, ही तिची नणंद. "आते ऐकू येस बठ्ठं," म्हणाली, म्हणजे आता सगळं ऐकू येतंय. मध्येच एक लहान पोर रडतं त्यात, ते मी आहे म्हणे.

एक मात्र लक्षात ठेवा, सगळी घरघर सॉफ्टवेअरने जात नाही. स्पीकरची पिन कॉम्प्युटरमधून काढा किंवा आवाज म्यूट करा, तरी हूं चालूच असेल तर ती स्पीकरच्या आतली नाहीतर अर्थिंगची भानगड आहे, इक्वलायझर तिच्या आधी बसलेला असतो, तो काय करणार. आमच्या दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटला ती होती, वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतली तेव्हा गेली.

एपीओची नावं ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे विंडोज किंवा साउंड ड्रायव्हर अपडेट झाला की कधी कधी तो गपचूप सुटतो. आप्पा ओरडले "परत रांजण आला" की समजायचं, परत टिक करायची, रीस्टार्ट. नवा यूएसबी हेडफोन लावला तर त्याला पण वेगळी टिक. आणि जी सॉफ्टवेअरं साउंड कार्ड थेट ताब्यात घेतात, रेकॉर्डिंगवाल्यांची एएसआयओ ड्रायव्हर वापरणारी वगैरे, तिथे हा लागूच होत नाही.

आता तीन प्रीसेट आहेत, आप्पा बातम्या, आजी कॅसेट आणि पोरं. तिसऱ्यात बेस ४ डीबी वर आहे, रात्री दहानंतर तो लावायचा नाही असं ठरलंय, पोरं ऐकत नाहीत.