हार्ट फेल्युअरचा जनुकोपचार तपासायला डुक्कर, मेंढी की कुत्रा?

उंदरात यशस्वी झालेला जनुकोपचार थेट माणसात नेता येत नाही. उंदराचे हृदय मिनिटाला 500-600 ठोके देते आणि त्याच्या निलयात (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) मुख्यतः अल्फा-मायोसिन हे आकुंचन घडवणारे प्रथिन असते. डुक्कर, मेंढी आणि कुत्रा या तिघांतही माणसासारखेच बीटा-मायोसिन प्रबळ असते. निवड करायची ती या तिघांतून. पण आधी प्राणी ठरवून मग व्हेक्टर (जनुक पेशीत नेणारा वाहक विषाणू) हृदयात कसा पोचवायचा ते पाहू, हा नेहमीचा क्रम उलटा करायला हवा.

त्याचे कारण ‘क्युपिड-2’ या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवरील जनुकोपचार चाचणीत दिसते. 250 रुग्णांच्या या चाचणीत सर्का2ए (हृदयपेशीतील कॅल्शियम हलवणाऱ्या पंपाचे जनुक) एएव्ही1 या व्हेक्टर म्हणून वापरल्या जाणाऱ्या एएव्ही विषाणूच्या प्रकारातून कोरोनरी धमन्यांत, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत, सोडले होते. मात्रा होती 1×10¹³ विषाणूकण. त्याआधी डुकरांत आणि मेंढ्यांत चांगला परिणाम दिसला होता, पण 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निकालात रुग्णांना फायदा झालेला नव्हता आणि हृदयाच्या तपासलेल्या नमुन्यांत व्हेक्टरचा डीएनए अगदी कमी सापडला. हिशेब करून पाहा: 30 किलोच्या डुकराचे हृदय साधारण 150 ग्रॅमचे असते, तर निकामी होत चाललेले, फुगलेले मानवी हृदय सहज 450 ग्रॅम भरते. तेवढीच मात्रा दिली तर दर ग्रॅमला एक-तृतीयांशच मिळते. म्हणून प्राण्यातली मात्रा किलोमागे लिहिलीत तरी हृदयाच्या ग्रॅममागेही लिहाच. ऊतीत किती व्हेक्टर पोचला हे सांगणारा ‘मायक्रोग्रॅम डीएनएमागे 500 प्रती’ असा आकडाही भुलवतो. एका मायक्रोग्रॅममध्ये सुमारे दीड लाख पेशींचा डीएनए असतो, म्हणजे 300 पेशींमागे जेमतेम एक प्रत.

हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे हार्ट फेल्युअर हवे असेल तर डुकराला तोड नाही. त्याच्या कोरोनरी धमन्यांत पर्यायी जोडवाहिन्या फारच थोड्या असतात, त्यामुळे धमनी बंद केली की इजेची जागा आणि आकार बराचसा ठरलेला मिळतो. कुत्र्यात या जोडवाहिन्या भरपूर, शिवाय प्रत्येक कुत्र्यात वेगळ्या. तीच धमनी बांधूनही एकात मोठा व्रण होतो, दुसऱ्यात नावापुरता. डुकरात डावी पुढची उतरती धमनी पहिल्या फांदीच्या खाली बलूनने 60 ते 120 मिनिटे बंद ठेवतात. या काळात आणि बलून उतरवल्यावर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (निलयाची जीवघेणी थरथर) होणार हे गृहीतच धरा. डिफिब्रिलेटरचे पॅड आधीच लावलेले हवेत, अमिओडॅरोन आणि लिडोकेन ही लय सांभाळणारी औषधे बलून फुगवण्याआधी द्यावीत, पोटॅशियम तपासलेले असावे. भूल देताना घशाची नळी घालणे अवघड जाते, कारण स्वरयंत्र चटकन आकसते. काही वाणांत मॅलिग्नंट हायपरथर्मियाचे (भुलीने ताप जीवघेणा चढण्याच्या विकाराचे) जनुक असते, त्याची चाचणी खरेदीआधी करून घ्यावी.

व्हेक्टर झटक्यानंतर लगेच देऊ नका. सुमारे चार आठवड्यांनी इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला निलयातले किती टक्के रक्त बाहेर पडते ते) मोजा, ठरवलेल्या मर्यादेत बसणारे प्राणीच घ्या आणि गट त्यानंतर चिठ्ठ्या टाकून पाडा. मात्रा फक्त बंद केलेल्या धमनीत ओतली तर बरीचशी व्रणाच्या मृत ऊतीत वाया जाते. जिवंत स्नायू दुसऱ्या धमन्यांवर पोसला जातो, म्हणून मात्रा वाटून द्यावी लागते.

डुकराची मोठी खोट म्हणजे वाढ. साधे पांढरे डुक्कर 25-30 किलोवरून तीन-चार महिन्यांत 100 किलोच्या आसपास पोचते. निलयाचे आकारमान वाढले ते आजाराने की वयाने, हे मग कळेनासे होते. आकडे शरीराच्या वजनाने भागले तरी शंका पूर्ण फिटत नाही. दोन महिन्यांपुढे पाठपुरावा असेल तर मिनिपिग, म्हणजे लहान आकाराच्या वाणाचे डुक्कर घ्यावे. त्यातले प्रौढ गॉटिंगेन 35-45 किलोवर थांबते. महाग पडते, पण खर्च वसूल होतो.

प्रौढ मेंढीचे वजन स्थिर राहते, स्वभाव शांत, त्यामुळे सहा महिने किंवा वर्षभराच्या अभ्यासाला आणि छाती उघडून थेट स्नायूत टोचण्याच्या प्रयोगांना ती सोयीची. मात्र रवंथ करणारा प्राणी असल्याने भुलीखाली पोट फुगते. किमान 24 तास चारा बंद ठेवावा आणि जठरात नळी घालावी. छातीच्या घडणीमुळे बाहेरून इकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) चित्र नीट मिळत नाही. क्यू-फीव्हर या मेंढ्यांकडून माणसाला होणाऱ्या जिवाणूजन्य तापाचा धोका काम करणाऱ्यांना असतो, म्हणून गाभण मेंढ्या टाळाव्यात.

कुत्र्यात पेसमेकरने मिनिटाला 210-240 ठोके तीन-चार आठवडे चालवले की निलय फुगते आणि दुबळे होते. पद्धत हुकमी आहे, पण पेसिंग थांबवले की हृदय आपोआप सावरू लागते. मग सुधारणेचे श्रेय जनुकाला द्यायचे की विश्रांतीला? पेसिंग चालू ठेवले तर उपचार सततच्या माराशी झुंजतो. दोन्हीकडून अर्थ लावणे कठीण, म्हणून पहिली पसंती म्हणून कुत्रा सुचवता येत नाही.

एका ठिकाणी मात्र कुत्रा सरस ठरतो. शिरांच्या उलट्या वाटेने, म्हणजे कोरोनरी सायनसमधून (हृदयाचे रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेतून) व्हेक्टर देताना, डुकरात आणि मेंढीत डावी अझायगस शीर त्याच सायनसमध्ये उघडते. बलून तिच्या तोंडाच्या पुढे न्यायला विसरलात तर व्हेक्टर तिकडून निसटून शरीरभर, विशेषतः यकृतात जातो. कुत्र्यात ही अडचण नाही, आणि माणसातही सहसा नसते.

प्राणी कुठलाही असो, एएव्हीविरुद्धची प्रतिपिंडे खरेदीपूर्वीच तपासा, आणि वापरायच्या त्याच कॅप्सिडविरुद्ध (विषाणूच्या बाह्य कवचाविरुद्ध). कमी पातळीची प्रतिपिंडेही कोरोनरीतून दिलेली मात्रा निष्प्रभ करू शकतात. कण कॅथेटरच्या प्लॅस्टिकला चिकटतात, म्हणून द्रावणात पोलोक्सॅमर 188 हा चिकटणे रोखणारा पदार्थ अल्प प्रमाणात घालावा आणि कॅथेटरमधून बाहेर आलेल्या द्रावणातले कण मोजून घ्यावेत.

पाठपुरावा किती? एएव्हीने नेलेल्या जनुकाची अभिव्यक्ती (त्याचे काम सुरू होणे) स्थिरावायला दोन ते चार आठवडे लागतात. 2019 साली डुकरांत एएव्ही6 मधून दिलेल्या मायक्रोआरएनए-199ए ने (जनुकांचे काम नियंत्रित करणाऱ्या एका छोट्या आरएनएने) व्रण आकसला, हृदयाचे काम सुधारले, पण पुढे बहुतेक डुकरे लयबिघाडाने अचानक दगावली. चार आठवड्यांवर थांबले असते तर तो प्रयोग निखळ यश म्हणून नोंदला गेला असता. म्हणून 12 आठवडे आणि त्वचेखाली बसवलेला सततचा ईसीजी रेकॉर्डर, या दोन गोष्टी अंदाजपत्रकात प्राण्यांच्या संख्येआधी लिहाव्यात. पैसे तुटपुंजे असतील तर एका मात्रेचा गट कमी करा, रेकॉर्डर काढू नका.