एल-४ एल-५ फ्यूजन (कमरेचे दोन मणके जोडण्याचं ऑपरेशन) : दहा महिन्यांनंतर

एसटीत एकवीस वर्षं कंडक्टरकी. आधी तिकिटं फाडली, मग मशीन गळ्यात आलं. चालत्या गाडीत पाय फाकवून उभं राहणं तेच. कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी झिजली, वरचा मणका खालच्यावरून पुढे सरकला आणि डाव्या पायात करंट उतरायला लागला. शेवटी तर स्टँडभर चालतानाही दोनदा खाली बसावं लागायचं. वाकून बसलं की बरं वाटायचं. फिजिओ, गोळ्या, मणक्यात इंजेक्शन असं दीड वर्ष काढलं, मगच ऑपरेशनला तयार झालो.

टायटॅनियमचे चार स्क्रू, दोन सळ्या, मध्ये गादीच्या जागी केज, म्हणजे पोकळ ठोकळा. केजमध्ये माझंच हाड, नस मोकळी करताना काढलेलं. स्क्रू बसले म्हणजे संपलं, असा माझा समज. डॉक्टर म्हणाले, "स्क्रू म्हणजे स्लॅबचं सेंट्रिंग. हाड धरायला सहा महिने ते वर्ष. तंबाखू खाल्लीत तर धरेलच असं नाही." पुडी तेव्हाच सुटली. खरं सांगायचं तर ऑपरेशनपेक्षा तेच जड गेलं.

पायातली कळ दुसऱ्याच दिवशी गेलेली होती. अंगठा मात्र अजून बधिर आहे. चप्पल निसटली तरी कळत नाही. आणि कंबर? दुखते. पूर्वीइतकी नाही, पण सकाळी पहिली दहा मिनिटं कडक असते. नुसत्या कंबरदुखीसाठी फ्यूजन करायला निघाला असाल तर आणखी एका सर्जनला दाखवा. माझं समाधान पायामुळे आहे.

हॉस्पिटलात ओंडक्यासारखं सरळ कुशीवर वळून उठायला शिकवलं, ते उत्तम. पण घरी कमोड हवा हे कुणी बोललं नाही. डिस्चार्जच्या दिवशी मुलगा प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडत बसला होता.

सहाव्या महिन्याच्या एक्स-रेत हाड धरताना दिसलं. आता डेपोत बसून काम, रोज चार किलोमीटर चालणं. जोडलेला मणका हलत नाही, त्याचा भार वरच्या गादीवर येतो, म्हणून व्यायाम चुकवत नाही.

परवा किराणा दुकानात दोन रुपयांचं नाणं पडलं. सवयीनं वाकायला गेलो, थांबलो. काउंटर धरला, गुडघे दुमडले, पाठ ताठ ठेवून खाली गेलो. दुकानदार म्हणाला, "राहू द्या हो काका, दुसरं देतो." म्हटलं, कंडक्टर आहे, सुट्टे सोडत नसतो.