ब्राह्मी अर्काच्या कॅप्सूल: अर्क चांगला, दावा अवाजवी

सासूबाईंना विस्मरणाचा त्रास जाणवू लागल्यावर घरात आणलेल्या ब्राह्मी अर्काच्या कॅप्सूलविषयी हे लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जो दोष सांगायचा आहे तो या प्रकारच्या पुष्कळ डब्यांवर आढळतो आणि डबी हातात घेतल्यावर नेमके काय वाचावे, हेच मला सांगायचे आहे.

औषध म्हणून ही डबी बरीच प्रामाणिक आहे. लेबलवर ‘बॅकोपा मोनिएरी’ हे वनस्पतिशास्त्रीय नाव, पंचांग (मूळ, खोड, पाने, फुले, फळे अशी संपूर्ण वनस्पती) वापरल्याचा उल्लेख, प्रत्येक कॅप्सूलमधील अर्काचे वजन, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि मुदत असे सर्व स्पष्ट छापले आहे. वनस्पतिशास्त्रीय नाव पाहण्याचा आग्रह मी यासाठी धरते की बाजारात ब्राह्मी म्हणून दोन निराळ्या वनस्पती विकल्या जातात: ओलसर बांधावर आणि ओहोळाच्या काठाने पसरणारी, बारीक जाडसर पानांची नीरब्राह्मी, आणि गोलसर, देठाशी खाच असलेल्या पानांची मंडूकपर्णी. बॅकोसाइड ही, ब्राह्मीचे मुख्य गुणकारी घटक मानली जाणारी द्रव्ये नीरब्राह्मीत असतात आणि पुढे ज्या प्रयोगांचा उल्लेख केला आहे, तेही तिच्यावरच झालेले आहेत.

कॅप्सूल उघडून पाहिली तर आत हिरवट तपकिरी, जिभेला लावताच कडू लागणारी भुकटी असते. ती थोड्या पाण्यात घालून बाटली हलवली की वर फेस धरतो, कारण बॅकोसाइड हे सॅपोनिन म्हणजे साबणासारखा फेस देणाऱ्या द्रव्यांच्या वर्गातले आहेत. अर्थात फेसावरून त्यांचे प्रमाण कळत नाही. लेबलवर ‘बॅकोसाइड २० टक्के’ असे लिहिले आहे, पण ते कोणत्या पद्धतीने मोजले हे कुठेही नाही. अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून मोजले तर इतर द्रव्येही हिशेबात धरली जाऊन आकडा फुगतो, तर एचपीएलसी या प्रयोगशाळेतील पद्धतीत घटक वेगवेगळे करून मोजल्याने तो कमी पण अधिक विश्वासार्ह येतो. एवढा एक शब्द छापणे कंपनीला काहीच जड नव्हते.

माझा खरा आक्षेप खोक्यावरच्या वाक्याला आहे. ‘मेंदूच्या पेशींचे रक्षण, अल्झायमरपासून बचाव’ असे तिथे ठळक अक्षरांत लिहिले आहे, आणि घरातले माणूस नावे विसरू लागले की असे वाक्य वाचून कोणाचाही हात पाकिटाकडे जातो. या वाक्याला आधार काय, हे शोधले तर चित्र फार मर्यादित दिसते. अमेरिकेतील पोर्टलंड येथे ६५ वर्षांवरील ५४ जणांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोज ३०० मिलिग्रॅम अर्क १२ आठवडे दिला गेला, तेव्हा काही वेळापूर्वी ऐकलेले शब्द आठवण्यात औषध घेणारा गट सरस ठरला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात ५५ वर्षांवरील ९८ निरोगी व्यक्तींमध्येही तशीच दिशा दिसली. परंतु ही सगळी माणसे स्मृतिभ्रंश नसलेली होती आणि मुदत तीन महिन्यांची होती. उंदरांच्या मेंदूत अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे प्रथिन) कमी झाल्याचे निष्कर्ष आशादायक आहेत, पण त्यांवरून माणसातला आजार टळतो असे म्हणता येत नाही.

आजार टळतो की नाही हे पाहायला किती मोठा प्रयोग लागतो, हे गिंकोच्या उदाहरणावरून समजते. त्या झाडाच्या पानांचा अर्क अमेरिकेत ३,००० हून अधिक वृद्धांना सुमारे सहा वर्षे देऊन पाहिला गेला आणि २००८ साली निष्कर्ष आला की स्मृतिभ्रंश रोखण्यात त्याचा उपयोग झाला नाही. ब्राह्मीची अशी परीक्षा झालेली नसताना ‘बचाव’ हा शब्द छापणे मला गैर वाटते. वनस्पतींविषयी मला मुळीच अविश्वास नाही; अल्झायमरच्या लक्षणांवर दिले जाणारे गॅलँटामाइन हे औषध स्नोड्रॉप या फुलझाडासारख्या वनस्पतींतूनच सापडले, मात्र ते रीतसर चाचण्यांतून गेले आहे आणि तेही आजार थांबवत नाही.

आता आमचा अनुभव. रिकाम्या पोटी घेतल्यावर सासूबाईंना मळमळ झाली आणि शौचाला वारंवार जावे लागले. ऑस्ट्रेलियातील प्रयोगातही पोटाच्या अशाच तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. वैद्यांनी जेवणानंतर, तुपाच्या अनुपानाबरोबर घ्यायला सांगितल्यावर त्रास थांबला. स्मरणात फरक पडला का, याचे श्रेय मी या डबीला देऊ शकत नाही, कारण त्याच सुमारास डॉक्टरांनी रक्ततपासणी करून बी-१२ ची मोठी कमतरता शोधली आणि इंजेक्शने सुरू केली. विस्मरणामागे बी-१२, थायरॉईड किंवा उदासीनता असे उपचार होण्याजोगे कारण असू शकते, आणि कॅप्सूलच्या भरवशावर ती तपासणी लांबणीवर पडणे हे खोक्यावरच्या त्या वाक्याचे सर्वांत मोठे नुकसान आहे.

तपासण्या झाल्या असतील आणि वैद्यांची संमती असेल, तर हा अर्क घ्यायला माझी हरकत नाही. ज्यांना डोनेपेझिल (अल्झायमरच्या लक्षणांवरचे औषध, ज्याने नाडी मंदावू शकते) चालू आहे किंवा ज्यांची नाडी मंद आहे, त्यांनी मात्र सुरू करण्याआधी डबी डॉक्टरांना दाखवावी, कारण प्राण्यांवरील अभ्यासांत ब्राह्मीचा परिणाम काही अंशी त्या औषधाच्याच दिशेने झालेला दिसतो.