कपाशीचं बियाणं: पंचवटीतलं मार्केट यार्डाजवळचं कृषी सेवा केंद्र

दुकान तसं द्राक्ष-टोमॅटोवाल्यांचं, पण २०२५ च्या खरीपाला कपाशीचं बी मी तिथूनच नेलं. शेत येवल्याकडं, मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी नाशकात आलो होतो. गावात एक जण बिनलेबलची पाकिटं विकत फिरत होता, तणनाशक मारा कपाशीला काही होत नाही म्हणे, बिल नाही लॉट नंबर नाही आणि वर भाव जास्त. खरं सांगतो मोह झाला होता, निंदणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही.

दुकानात सरळ विचारलं. दादा म्हणाले, "भाऊ, ते आपल्याकडं नाही, जीईएसीची, म्हणजे जनुक बदललेल्या बियाण्याला परवानगी देणाऱ्या केंद्राच्या समितीची, मंजुरीच नाही त्याला." पहिली बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेली कपाशी, २००२ ला मंजूर झाली, तिचीच पुढची दोन जनुकांची बीजी टू २००६ ला, दोन्ही चाचण्या होऊन. चोर बीटीच्या, म्हणजे या बिनमंजुरीच्या बियाण्याच्या पाकिटात काय भरलंय कुणाला माहीत, आणि उगवलं नाही तर तालुक्याच्या तक्रार समितीपुढं दाखवणार काय? पक्कं बिल, टॅग, रिकामं पाकीट जपून ठेवा हे त्यांनी दोनदा सांगितलं.

४७५ ग्रॅमचं पाकीट सरकारी दरानं म्हणजे ९०१ ला मिळालं, लिंकिंग, म्हणजे सोबत दुसरा माल घ्यायची सक्ती, अजिबात नाही.

मला सगळ्यात लागलं ते नॉन बीटीचं, म्हणजे बीटी नसलेल्या साध्या कपाशीच्या बियाण्याचं बोलणं. आधी पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची, ती कडेनं लावायची असते, आमच्याकडं कुणीच लावायचं नाही, मीपण नाही. साध्या झाडांवर साध्या अळ्या जगल्या की बीटी पचवणाऱ्या अळ्यांशी त्यांचा संकर होतो आणि पुढची पिढी बीटीनं मरते, असा तो हिशोब. आम्ही पुड्या फेकल्या आणि आज गुलाबी बोंडअळी बीजी टूला जुमानत नाही, त्यात शेजाऱ्याचंही नुकसान झालं. आता ५ टक्के साधं बी त्याच पाकिटात मिसळून येतं. फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणी संपल्यावर पाणी देऊन तेच पीक पुढं ठेवू नका, आणि नर पतंग पकडणारे कामगंध सापळे लावा हेही त्यांनीच सांगितलं.

सरकारवर माझा राग आहेच. बीटी वांगं २०१० ला थांबवलं ते अजून थांबलेलंच, तणनाशकवाल्या कपाशीचंही हो की नाही ते कारणासकट एकदाचं सांगून टाका, तोवर माणसं अंधारात पाकिटं घेणारच.

जूनमध्ये सकाळी गेलात तर गर्दीत उभं राहायलाही जागा नसते, दुपारी दोननंतर जा, तेव्हा दादा निवांत बोलतात.